अजिंठ्याचा अंधार आणि फ्लॅशचा शिष्टाचार

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरापासून सुमारे 100 किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या चित्रित लेण्यांत फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. तिचे कारण विचारले असता एकच उत्तर मिळते : प्रखर प्रकाशाने रंग उडतात. हे उत्तर सर्वस्वी खोटे नाही. पण ते अपुरे आहे, आणि अपुऱ्या कारणावर उभा असलेला शिष्टाचार फार काळ टिकत नाही. म्हणून या मनाईकडे थोडे इतिहासाच्या अंगाने पाहावयास हवे.

एप्रिल 1819 मध्ये शिकारीच्या निमित्ताने जॉन स्मिथ हा इंग्रज लष्करी अधिकारी येथे आला आणि क्रमांक 10 च्या लेण्यात आपले नाव व तारीख कोरून गेला. पाश्चात्त्य जगाला अजिंठा ‘सापडला’ तो असा, ओरखड्यासहित. 1844 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल यास चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमले. वर्षानुवर्षे खपून केलेल्या त्याच्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि 1866 च्या आगीत त्यांतील बहुतेक जळाल्या. पुढे 1872 ते 1885 या काळात मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी लंडनमधील 1885 च्या आगीत नष्ट झाल्या.

नकला जळाल्या, पण नकला करण्याची खूण मूळ भिंतींवर राहिली. अंधुक रंग उठून दिसावेत म्हणून एकोणिसाव्या शतकात चित्रांवर व्हार्निश चढवले गेले. निजाम सरकारच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी संचालक असताना, 1920 ते 1922 या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू लागलेला गिलावा त्यांनी सावरला, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यांनी वापरलेली लाखही कालांतराने पिवळी पडली. याखेरीज धूर, वटवाघळे, पाझरणारे पाणी आणि प्रेक्षकांच्या श्वासाचा दमटपणा हे जुने शत्रू होतेच. अजिंठ्याच्या ऱ्हासाची ही यादी वाचताना फ्लॅशचे स्थान बरेच खाली येते.

रसायनशास्त्रही याला दुजोरा देते. अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावरची नव्हेत, वाळलेल्या गिलाव्यावरची आहेत. त्यांतील तांबडा व पिवळा रंग गेरूच्या जातीच्या मातीचा, हिरवा रंगही मातीचाच, निळा लाजवर्दाचा आणि काळा काजळीचा. खनिज रंग प्रकाशाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. भीती आहे ती रंग धरून ठेवणाऱ्या खळीची आणि वर चढवलेल्या लेपांची. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील डेव्हिड साँडर्स यांनी फ्लॅशच्या परिणामांचे प्रयोग करून 1995 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दालनातल्या रोजच्या प्रकाशाने होते त्याहून वेगळी हानी फ्लॅशने होत नाही, असा त्यांचा एकंदर आशय होता. म्हणजे सावधगिरी योग्यच. पण केवळ रंगाच्या नावाने दिलेली शपथ चिकित्सक प्रेक्षकासमोर लटकी पडू शकते.

मग मनाई उठवावी काय? मुळीच नाही. तिचे खरे कारण भिंतीवर नसून पाहणाऱ्याच्या डोळ्यात आहे. उन्हातून लेण्यात आलेल्या डोळ्याला अंधाराशी पूर्ण जुळवून घेण्यास 20 ते 30 मिनिटे लागतात. क्रमांक 1 च्या लेण्यातला पद्मपाणी मागच्या भिंतीवर आहे. त्याची झुकलेली नजर आणि हातातले कमळ हळूहळू उमलतात. एक फ्लॅश उडतो आणि भोवतालच्या साऱ्यांची ही कमाई क्षणात जाते. मनोरंजन उद्यानांतील बंदिस्त, अंधाऱ्या सफरींतही फ्लॅशला मज्जाव असतो. तेथे जपायचे पुराचित्र नसते, जपायचा असतो तो सर्वांनी मिळून मान्य केलेला अंधार. दोन्हीकडे नियमाचा गाभा एकच.

आपल्या साहित्यशास्त्राला ही गोष्ट अपरिचित नाही. अभिनवगुप्तांनी नाट्यास्वादातील सात रसविघ्ने सांगितली आहेत. त्यांतील ‘निजसुखादिविवशीभाव’ म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून गेल्यामुळे समोरच्या कलेत मन न रमणे. फ्लॅश उडवणारा नेमका या विघ्नात सापडलेला असतो. मात्र त्याचे विघ्न त्याच्यापुरते राहत नाही, शेजाऱ्यालाही लागते. जॉन स्मिथचा ओरखडा आणि आजचा फ्लॅश यांतले नाते हेच : ‘मी येथे होतो’ हे ‘येथे काय आहे’ याच्यापेक्षा मोठे ठरणे.

छायाचित्रण हेच पाप, असा याचा अर्थ नव्हे. गिलने काढलेली छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या 1864 च्या ग्रंथात आली आणि ती आजही मोलाची आहेत. बिनॉय बहल यांनी 1991-92 मध्ये फ्लॅशविना, अत्यंत मंद प्रकाशात दीर्घ काळ छिद्र उघडे ठेवून या चित्रांची छायाचित्रे घेतली. अंधाराशी भांडण्याऐवजी त्याच्या कलाने घेतल्यामुळे त्यांच्या छायाचित्रांत रंगांची जी खोली उतरली, ती फ्लॅशच्या सपाट पांढऱ्या प्रकाशात उतरती ना. म्हणजे छायाचित्राच्या दृष्टीनेही फ्लॅश हा आडमार्गच.

विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेणाऱ्या प्राध्यापकांनी म्हणून ‘रंग उडतात’ एवढेच सांगून थांबू नये. आत शिरल्यावर पाच-दहा मिनिटे काहीही न करता उभे राहायला सांगावे. ज्याला भिंतीतून एक चेहरा वर येताना दिसला, त्याला फलक वाचून दाखवावा लागत नाही. आणि शेजाऱ्याला तो चेहरा दिसू देणे हे आपलेही काम आहे, हे त्याच्या आपोआप ध्यानात येते.