संत मावरूसाचा वारा

इंग्लंडमधील हार्टफर्डशर परगण्यात ॲशवेल नावाचे खेडे आहे. तेथील संत मरियेच्या जुन्या ख्रिस्तमंदिरात, घंटाघराच्या उत्तरेकडील भिंतीवर, कुणीतरी टोकदार हत्याराने काही लॅटिन ओळी कोरून ठेवल्या आहेत. अक्षर ओबडधोबड आहे, भाषा तुटक. 1350 सालच्या प्लेगची दैना सांगून लिहिणारा म्हणतो, की साक्ष द्यायला माणसांचा नुसता गाळ तेवढा उरला. आणि त्यावर 1361 साली मावरूसाचा प्रचंड वारा जगावर गर्जला. हा लिहिणारा कोण होता, हे त्याने सांगितलेले नाही.

आपल्या गणनेने ते साल 1362 होते. त्या काळी इंग्लंडात नवे वर्ष 25 मार्चला, देवदूताच्या संदेशाच्या सणाला सुरू होई. म्हणून जानेवारी महिना मागल्या सालात पडला. संत मावरूसाचा सण 15 जानेवारीचा. बुडणाऱ्या बाल प्लासिडला वाचवण्यासाठी संत बेनेडिक्टच्या आज्ञेवरून पाण्यावर धावत गेलेला हा शिष्य! नावाड्यांनी ज्याचा धावा करावा, त्याचेच नाव एका झंझावाताला चिकटावे, हा कालगणनेचा खेळ. माणसे तेव्हा तारखेने नव्हे, संतांच्या सणाने दिवस ओळखत.

तो शनिवार होता. संध्याकाळी नैर्ऋत्येकडून वारा सुटला. झाडे मुळासकट उपटली गेली, घरांची छपरे उडाली. लंडनमध्ये ऑगस्टिनियन मठाच्या मंदिराचा मनोरा कोसळला. नॉर्विचच्या कॅथिड्रलचे लाकडी शिखर मोडून वेदीकडील भागावर पडले व तेथील वरच्या भिंती पुन्हा बांधाव्या लागल्या. आज तेथे दिसणारे 315 फूट उंचीचे शिखर त्यानंतरच्या शतकातले. आणखी एक गोष्ट मला फार मानवी वाटते. छपरे उडाल्याबरोबर कौले महागली आणि कौले बसवणारे वाढीव मजुरी मागू लागले. राजा तिसरा एडवर्ड याला भाव व मजुरी न वाढवण्याचा हुकूम काढावा लागला. प्लेगने कारागीर आधीच थोडे उरले होते. ते अधिक मागणार नाहीत तर काय करतील?

विल्यम लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात या शनिवारच्या वाऱ्याचा उल्लेख येतो. त्यातला उपदेशक लोकांना बजावतो, की हा वारा मनुष्याच्या गर्वाचे फळ होय. तेव्हाच्या व्यासपीठांवरूनही असेच ऐकू आले असेल.

वादळ पूर्वेकडे सरकले, उत्तर समुद्रावर गेले, आणि त्याच्या पाठोपाठ वायव्येचा वारा सुटला. त्याने समुद्राचे पाणी आजच्या जर्मनी व डेन्मार्कच्या कोपऱ्यात रेटले. दुसरा दिवस रविवार, 16 जानेवारी, पोप संत मार्सेलस यांचा सण. म्हणून त्या पुराला मार्सेलसचा पूर म्हणतात. तेथील जुन्या बोलीत त्याचे दुसरे नाव आहे, त्याचा अर्थ ‘माणसांचे महाबुडणे’. किमान 25,000 माणसे दगावली असा अंदाज सांगितला जातो. पण त्या काळी मोजायला कोण बसले होते?

उत्तर फ्रिसियातले रुंगहोल्ट हे व्यापारी गाव या पुरात गेले. कित्येक पिढ्यांनी, 1666 साली, आंतोन हाइमराइख याने त्याची आख्यायिका छापली. गावातल्या माजलेल्या शेतकऱ्यांनी म्हणे एका डुकरिणीला दारू पाजून, डोक्याला टोपी घालून अंथरुणात निजवले आणि मरणाऱ्याला अंत्यसंस्कार द्यावयाचे आहेत, असे सांगून धर्मगुरूंना बोलावले. त्यांनी नकार देताच ख्रिस्तप्रसादाची विटंबना केली. धर्मगुरूंनी मंदिरात जाऊन शिक्षेची याचना केली; त्यांना गाव सोडण्याचा इशारा मिळाला, आणि समुद्र आला.

कथा रंगतदार आहे, यात शंका नाही. पण बुडालेल्यांच्या वतीने बोलायला कुणी उरले नव्हते, हेही खरे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण ठार झाले, ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे प्रभूने विचारले होते आणि स्वतःच ‘नाही’ म्हटले होते. लूकच्या शुभवर्तमानातला तो प्रसंग ठाऊक असूनही आपण ही कथा चवीने सांगत आलो.

भूमी मात्र वेगळे सांगते. फ्रिसियाचे लोक मिठासाठी खारट पीट माती खणून जाळत. शेतीसाठी दलदल निचरून घेत. त्यामुळे जमीन खचत खचत समुद्रपातळीच्या खाली गेली. त्यात प्लेगने बांध दुरुस्त करणारे हातच कमी झाले होते, असे अभ्यासक म्हणतात. म्हणजे कारणे होती, काही त्यांच्याच हातची होती; पण ती डुकरिणीची नव्हती, मिठाची होती. पोट भरणाऱ्या माणसाची ती चूक.

असे गाव होते की नाही, याबद्दलच पुष्कळ काळ शंका होती. हाम्बुर्गमधील 1345 सालच्या एका मृत्युपत्रात त्याचे नाव सापडते. 1920 च्या दशकात आंद्रेआस बुश या स्थानिक शेतकऱ्याने ज्युडफाल बेटाजवळच्या चिखलात विहिरी, पायवाटा व बांधातल्या दारांचे अवशेष शोधून काढले. पुढे, मे 2023 मध्ये, कील व माइंझच्या संशोधकांनी त्याच चिखलाखाली एक मोठा पाया सापडल्याचे जाहीर केले. सुमारे 40 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद, असे ते ख्रिस्तमंदिर होते. ज्या गावाविषयी सांगितले गेले की तेथे ख्रिस्तप्रसादाची थट्टा झाली, त्या गावाने त्या परिसरातील मोठ्या मंदिरांपैकी एक उभारले होते. ओहोटी लागली की संशोधक चिखल तुडवत तेथे जातात, आणि भरतीच्या आधी परततात.