पुन्हा त्याच डोंगराकडे

पावसाळा आला की पलूस तालुक्यातील कृष्णाकाठची गावे दोन आकड्यांकडे कान लावून असतात. कोयना धरणातून पाणी किती सोडले, आणि सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पातळी किती फुटांवर गेली? २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी भिलवडी-औदुंबरच्या परिसराला हे आकडे तोंडपाठ करून दिले आहेत. परंतु ते पाणी ज्या सह्याद्रीच्या माथ्यावर प्रथम पडते, तेथील झाडाझुडपांची नावे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येतील? ती नावे शोधण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांमध्ये येशूसंघाचे दोन धर्मगुरू होते. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्यांची ओळख फारशी उरलेली नाही, म्हणून हा आठव.

पहिले फादर एथेलबर्ट ब्लॅटर. त्यांचा जन्म १८७७ साली स्वित्झर्लंडमध्ये झाला आणि १९०३ साली ते मुंबईस आले. जर्मन येशूसंघीयांनी १८६९ साली स्थापन केलेले सेंट झेवियर्स महाविद्यालय ही त्यांची कर्मभूमी होय. पुढे ते तेथील प्राचार्यही झाले. मुंबई इलाख्यातील खारफुटीवरचा त्यांचा लेख १९०५ सालचा आहे, म्हणजे या भूमीवर पाऊल ठेवून त्यांना जेमतेम दोन वर्षे झाली होती. भरतीच्या पाण्यात गुडघाभर चिखल होतो, त्याला इतरांनी दलदल म्हणून नाक मुरडले असते. पण त्या चिखलात तिवराची मुळे श्वास घेण्यासाठी वर डोकावतात आणि कांदळाचे बीज झाडावर असतानाच रुजते. खाऱ्या पाण्यात जगण्याची ही निसर्गाची युक्ती फादर ब्लॅटर यांना अभ्यासण्याजोगी वाटली.

समुद्रकाठापासून त्यांचा प्रवास फार दूरवर गेला. कच्छच्या व एडनच्या वनस्पती, हॉलबर्ग यांच्यासह केलेला राजस्थानच्या वाळवंटी वनस्पतींचा अभ्यास, काश्मीरची फुले, आणि १९२६ साली प्रसिद्ध झालेला भारत व श्रीलंकेतील ताड-माड कुळावरचा ग्रंथ, हा सारा त्या भ्रमंतीचा संचय. चार्ल्स मॅक्कॅन या सहकाऱ्याबरोबर त्यांनी सह्याद्रीतील एका कंदीलपुष्पाचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला पाचगणीचे नाव दिले. कंदिलासारख्या त्या फुलांची रचना मोठी नवलाची असते. आत शिरलेल्या माशीला खाली वळलेले केस बाहेर येऊ देत नाहीत. पुढे केस सुकले की ती सुटते आणि जाताना पराग घेऊन जाते. आपल्या कृष्णेच्या उगमाजवळच्या एका गावाचे नाव अशा रीतीने जगाच्या वनस्पतिशास्त्रात कायमचे कोरले गेले.

पहिल्या महायुद्धाने मुंबईच्या मिशनचे चित्र पालटले. जर्मन धर्मगुरूंना इंग्रज सरकारने येथे राहू दिले नाही आणि युद्धानंतर ती जबाबदारी स्पेनच्या येशूसंघीयांकडे आली. याच वाटेने १९२८ साली हर्मेनेगिल्ड सांतापाव नावाचा पंचविशीतील तरुण स्पेनमधून भारतात आला. ब्लॅटर १९३४ साली निवर्तले. लंडनहून वनस्पतिशास्त्राची डॉक्टरेट मिळवून परतलेल्या सांतापाव यांनी १९४० पासून झेवियर्समध्ये तेच दालन सांभाळले.

जुन्या प्रवासवर्णनांत वाघाची झडप असते, फुटलेली जहाजे असतात. फादर सांतापाव यांचे साहस निराळ्या जातीचे होते. ते खंडाळ्याच्या त्याच घाटात वर्षानुवर्षे पुन:पुन्हा जात राहिले. सह्याद्रीच्या पावसात वनस्पती गोळा करणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक! फांदी तोडावी, कागदांच्या घडीत दाबावी, आणि हवा ओली म्हणून तेच कागद रोज बदलावेत. एक दिवस आळस केला तर बुरशी येऊन सारा श्रम वाया जातो. प्रत्येक नमुन्यावर स्थळ आणि तारीख लिहावी लागते, अन्यथा तो नुसता पाचोळा.

एकदाच जाऊन का भागत नाही, हे कारवी शिकविते. ही कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते. मग अख्खा डोंगर जांभळा होतो, बी धरते आणि झुडपे मरून जातात. आज येऊन उद्या जाणाऱ्या प्रवाशाला ती केवळ हिरवी दाटी वाटेल. सांतापाव यांनी या फुलण्याच्या नोंदी वेळोवेळी लिहून ठेवल्या. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा ते पन्नाशीत होते. या वयात माणूस बैठकीला लागतो. त्यांनी मात्र त्यानंतर पुरंदर आणि सौराष्ट्र येथील वनस्पतींवर ग्रंथ लिहिले, सलीम अलींच्या बरोबरीने मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकाचे संपादन केले आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपदही भूषविले. १९६७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९७० च्या जानेवारीत ते प्रभुचरणी विलीन झाले.

या गौरवगाथेत एक उणीव आम्हांस दिसते आणि ती सांगितली पाहिजे. वनस्पतीच्या लॅटिन नावापुढे वर्णन करणाऱ्याचे नाव लागते. कारवीच्या काठ्यांनी झोपडीचा कूड बांधणाऱ्या, तिला पिढ्यान्‌पिढ्या ओळखणाऱ्या डोंगरकरी माणसाचे नाव तेथे येत नाही. शास्त्राला त्याचेही देणे आहे.

तरीही झेवियर्समधील ब्लॅटर यांच्या नावाच्या वनस्पतिसंग्रहातील वाळलेली पाने आज साक्षीदारासारखी उभी आहेत. अमुक वर्षी, अमुक डोंगरावर हे झाड होते, असे ती सांगतात. जे नोंदलेच नाही ते नाहीसे झाले तरी कोणाला कळणार? उत्पत्तीच्या ग्रंथात परमेश्वराने आदामापुढे प्राणी आणले ते नावे ठेवण्यासाठी. नाव ठेवणे हे ओळखीचे पहिले पाऊल आहे आणि ज्याची ओळख असते, त्याचीच काळजी वाहिली जाते.

पलूसकरांना यासाठी खंडाळा गाठण्याची गरज नाही. सागरेश्वरचे अभयारण्य आपल्या उंबरठ्यावर आहे. स्वातंत्र्यसैनिक वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उघड्या डोंगरांवर माणसांच्या हातांनी हे रान उभे राहिले. १९८५ साली ते अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र अवघे १०.८७ चौरस किलोमीटर, पण सांबर, चितळ, काळवीट तेथे नांदतात. धर्मग्रामातील मुलांना सहलीसाठी तेथे नेणाऱ्या पालकांना आमची एकच विनंती आहे. एक वही बरोबर असू द्यावी, पाच झाडांची नावे तारखेसह लिहून घ्यावीत, आणि पुढच्या ऋतूत पुन्हा त्याच झाडांपाशी जावे.