वळिवड्याला करार नव्हता

"यवतमाळात बसून काबूलच्या बायांचं काय घेऊन बसलास बे?" काल टपरीवर एका मित्रानं विचारलं. उत्तर कोल्हापुरात आहे.

१९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी उभी राहिली. सोव्हिएत रशियातून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार लोक. बहुतेक बाया, पोरं, म्हातारे. १९४५ ला युद्ध संपलं, पण अनेकांची गावं सोव्हिएत हद्दीत गेली होती. काही परतले. बाकीच्यांना बळजबरीनं धाडलं नाही. छावणी १९४८ पर्यंत चालली. पुढं बरेच जण ब्रिटन, ऑस्ट्रेलियात स्थिरावले.

जिवाला धोका असेल तिथं माणसाला परत धाडू नका, हे १९५१ च्या निर्वासित कराराचं कलम ३३. भारत, पाकिस्तान दोघांनीही त्यावर सही केलेली नाही. २०२३ च्या अखेरीपासून पाकिस्ताननं लाखो अफगाणांना माघारी काढलं. तालिबानविरुद्ध बोललेल्या बायांवरही तीच टांगती तलवार आहे. तिकडं सहावीनंतर पोरींची शाळाच बंद. त्यांना परत पाठवू नका म्हणून ॲम्नेस्टीसारख्या संघटना जगभर आवाज उठवताहेत.

वळिवड्याच्या वेळी तर हा करारही नव्हता, मित्रा. तरी जागा मिळाली होती.