संमतीपत्राची कुळकथा

नव्या औषधाच्या किंवा लशीच्या चाचणीत माणसाला घेण्यापूर्वी त्याच्यापुढे काही पानांचा एक कागद ठेवला जातो. चाचणी कशासाठी आहे, अंगावर काय काय केले जाईल, धोका कोणता, दुसरा उपचार उपलब्ध आहे का, इजा झाली तर भरपाई कोण देईल, हे त्यात लिहिलेले असते. कोणत्याही टप्प्यावर, कारण न सांगता, बाहेर पडता येईल आणि त्याचा नेहमीच्या उपचारांवर परिणाम होणार नाही, हेही असते. शेवटी सही किंवा अंगठा. वाचता न येणाऱ्यासाठी निष्पक्ष साक्षीदाराची सही वेगळी. या कागदाला माहितीपूर्ण संमतीपत्र म्हणतात. दिसायला तो रुग्णालयातल्या इतर कागदांइतकाच रुक्ष असतो, पण त्यातली जवळजवळ प्रत्येक अट कुणाच्या तरी शरीरावर झालेला अन्याय उघडकीस आल्यानंतर लिहिली गेली. जे अन्याय दडपले गेले, त्यांनी ते दडलेले असेपर्यंत कोणताच नियम घडवला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत अशा कागदाची गरज कोणाला फारशी वाटली नव्हती. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये देवीची लस पहिल्यांदा टोचली ती आपल्या माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला, आणि लस लागू पडली की नाही हे पाहण्यासाठी पुढे त्याच मुलाच्या अंगात देवीचा खरा संसर्ग घातला. अमेरिकेतल्या अलाबामात जे. मॅरियन सिम्स याने १८४० च्या दशकात स्त्रीरोगांवरच्या शस्त्रक्रिया बसवल्या त्या गुलाम स्त्रियांवर, भूल न देता आणि पुन्हा पुन्हा. त्यांच्यापैकी ॲनार्का, बेट्सी आणि ल्यूसी ही तीनच नावे इतिहासात राहिली आहेत. गुलाम स्त्रीबाबत परवानगीचा प्रश्न तिच्या मालकाला विचारला जाई.

पहिला लेखी नियम आला तो जर्मनीतल्या प्रशियात. ब्रेस्लाऊचे अल्बर्ट नाइसर हे प्रमेहाचा जंतू शोधणारे नामांकित वैद्य. सिफिलिसवर लस सापडते का हे पाहण्यासाठी त्यांनी १८९० च्या दशकात या रोगाच्या रुग्णांच्या रक्तातला द्रव काही स्त्रियांना टोचला. त्यांपैकी अनेकजणी वेश्याव्यवसायात होत्या आणि आपल्याला काय टोचले जात आहे हे कोणीही त्यांना सांगितले नव्हते. काहींना सिफिलिस झाला. तो टोचण्यामुळे नव्हे, तर धंद्यामुळे झाला, असा बचाव नाइसर यांनी केला. वृत्तपत्रांत प्रकरण गाजले, शिस्तभंगाच्या न्यायालयाने दंड ठोठावला आणि २९ डिसेंबर १९०० रोजी प्रशियाच्या मंत्र्याने रुग्णालयांना आदेश काढला. उपचारासाठी नसलेले प्रयोग अल्पवयीनांवर करू नयेत आणि संभाव्य दुष्परिणाम समजावून सांगितल्यावर स्पष्ट संमती मिळाल्याशिवाय कोणावरही करू नयेत, असे त्यात होते. ‘आधी माहिती, मग संमती’ हा क्रम तेव्हापासूनचा आहे.

त्याच सुमारास क्यूबात सहीचा कागद अवतरला. पीतज्वर डासांमुळे पसरतो हे सिद्ध करण्यासाठी अमेरिकी लष्कराचे डॉक्टर वॉल्टर रीड प्रयोग करत होते. त्यांच्या पथकातले जेसी लेझियर सप्टेंबर १९०० मध्ये याच रोगाने दगावले होते. त्यानंतर रीड यांनी स्पेनहून नव्याने आलेल्या मजुरांशी लेखी करार केले. सहभागाबद्दल १०० डॉलर सोन्याच्या नाण्यांत, रोग झालाच तर आणखी १०० आणि मृत्यू आला तर ती रक्कम तो सांगेल त्या व्यक्तीला, अशा अटी होत्या. मात्र या बेटावर राहून संसर्ग टाळणे जवळजवळ अशक्यच आहे, असेही करारात बजावले होते. गरीब मजुराला धोका कमी भासावा, अशी ही वाक्यरचना होती. संमती कागदावर आली ती अशी, आमिषाची गाठ बरोबर घेऊनच.

मुंबईचा या कुळाशी संबंध येतो तो याच्या थोडा आधी. प्लेगच्या साथीत जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या प्रयोगशाळेत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात कैद्यांवर चाचणी झाली. टोचून घेतलेले कैदी स्वेच्छेने पुढे आले होते, अशी नोंद आहे. हाफकिन यांची सचोटी वादातीत आहे. प्रयोगाचा पहिला धोका त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला. पण तुरुंगाच्या भिंतीआड, साथीच्या भीतीत दिलेला होकार कितपत स्वेच्छेचा असतो, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. तो पन्नास वर्षांनी, एका वेगळ्याच न्यायालयात विचारला गेला.

त्याआधी जर्मनीत आणखी एक नियमावली झाली. १९३० मध्ये ल्यूबेक शहरात क्षयाच्या जिवंत जंतूंनी दूषित झालेली बीसीजी लस तोंडावाटे दिल्याने सत्तरहून अधिक तान्ही बाळे दगावली. २८ फेब्रुवारी १९३१ रोजी जर्मन सरकारने परिपत्रक काढून नव्या उपचारांसाठी आणि मानवी प्रयोगांसाठी तपशीलवार अटी घातल्या. मरणपंथाला लागलेल्यांवर प्रयोग नकोत, गरिबीचा फायदा घेतला जाऊ नये, असे त्या परिपत्रकात स्पष्ट म्हटले होते. त्या काळातली ही जगातली सर्वांत कडक नियमावली होती. नाझी राजवटीत ती कधी रद्द झाली नाही. तिच्याकडे कोणी पाहिलेच नाही.

९ डिसेंबर १९४६ रोजी न्यूरेंबर्गमध्ये नाझी डॉक्टरांवरचा खटला उभा राहिला. २३ आरोपींपैकी २० डॉक्टर होते. दाखाऊच्या छळछावणीत कैद्यांना कमी दाबाच्या कोठडीत कोंडून वीस किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत माणूस किती वेळ टिकतो हे मोजले गेले होते, बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास बुडवून ठेवले गेले होते. राव्हेन्सब्रुकमध्ये पोलिश स्त्रियांच्या पायांना जखमा करून त्यांत जंतू भरले गेले होते. त्यांपैकी चौघी साक्षीला आल्या आणि त्यांनी न्यायालयाला पायांवरचे व्रण दाखवले.

बचावपक्षाने एक अडचणीचा मुद्दा मांडला. अमेरिकेतही युद्धकाळात इलिनॉयच्या स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांना मलेरियाची लागण करून औषधे तपासली गेली होती, मग फरक काय? सरकारपक्षाचे तज्ज्ञ अँड्र्यू आयव्ही आणि लिओ अलेक्झांडर यांना त्यामुळे परवानगी असलेला प्रयोग म्हणजे काय, हे मुद्देसूद सांगावे लागले. ऑगस्ट १९४७ च्या निकालपत्रात न्यायाधीशांनी दहा तत्त्वे नमूद केली. स्वेच्छासंमती अनिवार्य आहे, हे पहिले. संमती देणाऱ्याला निवडीचे स्वातंत्र्य हवे, जबरदस्ती, फसवणूक किंवा दडपण नको आणि निर्णयापुरती पुरेशी माहिती त्याला मिळालीच पाहिजे, हे त्याच तत्त्वाच्या पोटात येते. नववे तत्त्व प्रयोग मध्येच सोडण्याच्या हक्काचे. संमतीपत्रातली ‘केव्हाही बाहेर पडता येईल’ ही ओळ त्याची थेट वारस आहे. १६ जण दोषी ठरले आणि ७ जणांना २ जून १९४८ रोजी लँड्सबर्गच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

जपानच्या ७३१ क्रमांकाच्या पथकाचे मात्र असे काही झाले नाही. हार्बिनजवळच्या पिंगफांग येथे शिरो इशी याच्या हाताखाली चिनी आणि इतर कैद्यांना प्लेग, अँथ्रॅक्स यांची लागण केली जात होती, हिमदंशाचे प्रयोग होत होते आणि जिवंत माणसांची चिरफाड होत होती. अमेरिकेने इशी आणि त्याच्या सहकाऱ्यांची माहिती मिळवण्याच्या बदल्यात त्यांना खटल्यापासून अभय दिले. सोव्हिएत संघाने डिसेंबर १९४९ मध्ये खाबारोव्स्क येथे काहींवर खटला चालवला, तो पाश्चात्त्य देशांनी प्रचार म्हणून बाजूला सारला. पिंगफांगच्या मृतांसाठी कोणतेही तत्त्व लिहिले गेले नाही.

‘माहितीपूर्ण संमती’ या नावाची जन्मकथा तर गोपनीय फायलींतच दडलेली होती. अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रकल्पात एप्रिल १९४५ ते जुलै १९४७ या काळात १८ रुग्णांना प्लुटोनियम टोचण्यात आले. ते काय आहे हे त्यांना सांगितले नव्हते. प्रकल्पाचा वारसा पुढे अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाकडे गेला. आयोगाचे महाव्यवस्थापक कॅरल विल्सन यांनी नोव्हेंबर १९४७ च्या एका पत्रात रुग्णाची लेखी ‘माहितीपूर्ण संमती’ हवी, असे लिहिले. १९५३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी न्यूरेंबर्गची तत्त्वे लष्करी प्रयोगांना लागू केली, पण त्या आदेशावरच ‘अतिगोपनीय’ असा शिक्का मारला गेला आणि तो १९७५ पर्यंत तसाच राहिला. ज्यांच्या रक्षणासाठी नियम केला, त्यांनाच तो कळू दिला नाही. न्यायालयीन भाषेत हा शब्दप्रयोग १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णाच्या खटल्यात आला आणि तिथून तो सार्वजनिक झाला.

गुप्ततेची किंमत मार्शल बेटांवरच्या लोकांनी मोजली. १ मार्च १९५४ रोजी बिकिनी बेटावर १५ मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब फोडण्यात आला. काही तासांनी रोंगेलॅप बेटावर पांढरी राख पडू लागली, मुले त्या राखेत खेळली. रहिवाशांना हलवायला दोन दिवस लागले. तोवर उलट्या, भाजल्यासारख्या जखमा, केस गळणे सुरू झाले होते. आठवड्याभरात ‘प्रकल्प ४.१’ या नावाने किरणोत्साराचा माणसांवर होणारा परिणाम अभ्यासणे सुरू झाले. १९५७ मध्ये लोकांना दूषित बेटावर परत नेण्यात आले आणि डॉक्टरांची पथके दरवर्षी येऊन रक्त, लघवी तपासू लागली. पुढे मुलांमध्ये थायरॉइडच्या गाठी वाढल्या. यातला उपचार कोणता आणि संशोधन कोणते, हे रहिवाशांना कधीच नीट समजावले गेले नव्हते. १९८५ मध्ये ते ग्रीनपीसच्या ‘रेनबो वॉरियर’ जहाजातून स्वतःच बेट सोडून गेले.

संमतीची पुढची कलमे वृत्तपत्रांमुळे आणि आतल्या माणसांच्या धैर्यामुळे आली. जून १९६४ मध्ये जागतिक वैद्यक संघटनेने मानवी संशोधनातल्या नैतिकतेबद्दलचा हेलसिंकी जाहीरनामा संमत केला. १९६६ मध्ये भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी नावाजलेल्या अमेरिकी संस्थांतले २२ अनैतिक प्रयोग एका लेखात मांडले. न्यूरेंबर्ग फक्त राक्षसांसाठी आहे, हा समज त्या लेखाने ढासळू लागला. मोठा हादरा बसला तो २५ जुलै १९७२ रोजी आलेल्या एका बातमीने. अलाबामातल्या टस्कीगी येथे १९३२ पासून सरकारी आरोग्यसेवा ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास करत होती; त्यांपैकी ३९९ जणांना सिफिलिस होता. ‘रक्त खराब आहे’ एवढेच त्यांना सांगितले गेले. १९४७ पासून पेनिसिलीन हा सर्रास उपचार झाला, तरी ते त्यांना देण्यात आले नाही. आरोग्यसेवेतले पीटर बक्स्टन यांनी वरिष्ठांकडे अनेक वर्षे तक्रारी करून अखेर ही माहिती पत्रकारांकडे दिली. १९७४ चा अमेरिकी कायदा, संस्थांतल्या नैतिकता समित्या आणि संशोधनातल्या नैतिक तत्त्वांचा १९७९ चा बेलमाँट अहवाल ही त्याची फळे. ‘दुसरा उपचार उपलब्ध आहे का’ हे संमतीपत्रातले कलम वाचताना टस्कीगीची आठवण व्हायला हवी.

भारतात हा कागद उशिरा आला आणि त्यालाही ठेच लागावी लागली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये धोरणपत्र काढले होते. तरीही १९७६ पासून दिल्लीत गर्भाशयमुखाच्या पूर्वकर्करोगी बदलांचा जो अभ्यास परिषदेनेच सुमारे बारा वर्षे चालवला, त्यात हजाराहून अधिक स्त्रियांना उपचार न देता रोग कसा वाढतो हे पाहिले गेले आणि लेखी संमती घेतलीच नव्हती. १९९७ मध्ये हे उघड झाले. २००० साली परिषदेची नवी मार्गदर्शक तत्त्वे आली आणि २००५ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘अनुसूची वाय’मध्ये संमतीपत्राचा नमुना कायद्याने ठरला.

नमुना ठरला तरी सही कोणाची, हा प्रश्न राहिला. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखणारी एचपीव्ही लस देण्याच्या प्रकल्पात अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या, असे संसदेच्या स्थायी समितीला २०१३ मध्ये आढळले. २०१२ पासून सर्वोच्च न्यायालयात औषध चाचण्यांबाबत स्वास्थ्य अधिकार मंचाची जनहित याचिकाही चालू होती. जानेवारी २०१३ मध्ये भरपाईचे नियम बदलले. संमतीपत्रात शिक्षण, व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्नाचे रकाने आले, तसेच मृत्यू झाल्यास भरपाई घेणाऱ्या वारसाचे नाव लिहिण्याची जागा आली. क्यूबातल्या मजुराच्या करारातली अट एकशे तेरा वर्षांनी भारतीय कागदावर उतरली, फक्त यावेळी ती आमिष म्हणून नव्हे, हक्क म्हणून.

नोव्हेंबर २०१३ मध्ये प्रत्येक सहभागीची संमती घेताना चित्रफीत काढणे सक्तीचे झाले. २०१५ मध्ये ही सक्ती मर्यादित करून नवीन रासायनिक वा रेण्वीय द्रव्याच्या चाचण्यांतल्या दुर्बल सहभागींपुरती ठेवण्यात आली. एचआयव्ही आणि कुष्ठरोगाच्या चाचण्यांत चेहरा उघड होऊ नये म्हणून फक्त आवाज ध्वनिमुद्रित करावा, असे ठरले. १९ मार्च २०१९ च्या नव्या औषधे व चिकित्सा चाचणी नियमांत या सर्व अटी एकत्र आल्या. सही झालेल्या संमतीपत्राची एक प्रत सहभागीच्या हाती द्यावी, असे बंधनही त्यांत आहे.