एक शिवी, चार मुलूख

‘ब्लडी’ हा इंग्रजी शब्द आपल्या चांगला ओळखीचा आहे. मूळ अर्थ ‘रक्ताळलेला’. पण बोलण्यात ती एक सौम्य शिवी. गंमत अशी, की मुलूख बदलला की या शिवीचे वजन बदलते.

इंग्लंडात १७११ मध्ये जोनाथन स्विफ्टसारख्या धर्मोपदेशकाने खासगी पत्रात उकाड्याविषयी लिहिताना हा शब्द सहज वापरला होता. पुढे तो गरीब वस्त्यांच्या तोंडचा ठरला आणि प्रतिष्ठितांनी त्याला वाळीत टाकले. ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये शॉचे ‘पिग्मॅलियन’ रंगमंचावर आले. पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ बेतले ते याच नाटकावरून. त्यातली फुलवाली भर चहापानात हा शब्द उच्चारते. प्रेक्षक आधी चमकले, मग खो-खो हसत सुटले. वर्तमानपत्रांना मात्र तो छापवेना.

ऑस्ट्रेलियात कैदी आणि बैलगाडीवाले यांनी तो इतका रुळवला, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याला ‘थोर ऑस्ट्रेलियन विशेषण’ म्हणू लागले. तिथे तो दोस्तीतला. २००६ मध्ये त्या देशाने पर्यटनाच्या सरकारी जाहिरातीतच तो घातला. ब्रिटिश दूरचित्रवाणीसाठी जाहिरात आधी नाकारली गेली, नंतर मान्य झाली. अमेरिकेत तर या शब्दाने कुणी दुखावत नाही. बोलणारा इंग्रजी थाटाचा वाटतो, एवढेच.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हा शब्द दोस्तांच्या बैठकीतून आला नाही, साहेबाच्या तोंडून आला. वरून खाली आला. साहेब गेला, शब्द राहिला. माझे वडील गोदीत कामाला होते. त्यांचा अधिकारी आपल्यातलाच; पण रागावला की इंग्रजीत शिरायचा. वडिलांना अर्थ ठाऊक नव्हता. एकदा त्यांनी मला विचारले, “ब्लडी म्हणजे काय रे?” मी शाळकरी पोर. कोश पाहून सांगितले, “रक्ताचा.” ते क्षणभर गप्प राहिले. म्हणाले, “मग बरोबर. लागतो खरा.”

पुढे ऑस्ट्रेलियन माणसाची गंमत वाचली, हसलोही. पण वडिलांचा अर्थ कुठल्याच कोशात सापडला नाही. शब्दाचा अर्थ कोश सांगतो. त्याचे वजन ज्याला तो सोसावा लागतो, तोच सांगू शकतो.