पहिल्या चार्जिंगचं सोवळं

साधारण २००० ते २०१० या काळात कुठल्याही मोबाइल शॉपीत नवा फोन घेतला की बिलाबरोबर एक तोंडी सूचना हमखास मिळायची : घरी गेल्यावर आधी ८ तास चार्जिंगला लावा, तोवर चालू करू नका. काही दुकानदार १२ तास सांगत. पुढचं कलमही ठरलेलं असे. पहिल्या तीन वेळा बॅटरी पार उतरू द्यायची, फोन आपोआप बंद पडला की मगच चार्जर लावायचा. मग टीव्हीमागच्या प्लगला लागलेला तो फोन रात्रभर सोवळ्यात असे. बंद फोनच्या पडद्यावर बॅटरीच्या काड्या एकेक करून वर चढत आणि पुन्हा तळापासून सुरू होत. घरातली पोरं ते लांबूनच बघत.

दुकानदार हे पदरचं सांगत नव्हता. त्या काळच्या नोकियाच्या माहितीपुस्तिकांत छापलेलंच असे, की नवी बॅटरी दोन-तीनदा पूर्ण चार्ज होऊन पूर्ण उतरल्याशिवाय तिची खरी क्षमता मिळत नाही. २००० साली आलेल्या ३३१० या फोनमध्ये निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी होती. तिच्या बाबतीत ही सूचना योग्यच होती. गंमत पुढे झाली. फोनमध्ये लिथियम-आयन बॅटऱ्या आल्या, तरी तीच सूचना पुस्तिकांतून आणि दुकानदारांच्या तोंडून चालत राहिली.

या रिवाजाचं कूळ मात्र मोबाइलच्या कितीतरी मागे, थेट १८५९ सालच्या फ्रान्समध्ये सापडतं. गास्ताँ प्लान्ते यानं शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले, ती गुंडाळी पातळ गंधकाम्लात बुडवली आणि पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी तयार केली. अडचण एकच होती : नवी असताना ती फारशी वीज धरतच नसे. तिला चार्ज करायचं, उतरवायचं, उलट दिशेनं चार्ज करायचं, मध्ये विसावा द्यायचा, असं कित्येक आठवडे, कधी महिने चाले. दर फेरीत पत्र्याचा पृष्ठभाग थोडा आणखी सच्छिद्र होई आणि क्षमता वाढे. १८८१ साली कामिय फोर यानं शिशाच्या ऑक्साइडचा लेप पत्र्यावर आधीच थापायची युक्ती काढली आणि हा महिन्यांचा खटाटोप तासांवर आला. तो आटोपशीर झाला, पण संपला नाही. मोटरसायकलची नवी ‘कोरडी’ बॅटरी घेतली, तर गॅरेजवाला तिच्यात अ‍ॅसिड भरून थोडा वेळ तशीच ठेवी, मग मंद करंटवर चार्जिंगला टाकी, हायड्रोमीटर बुडवून अ‍ॅसिडची घनता बघे आणि त्यानंतरच ती गाडीत बसवी. ज्यांनी हे पाहिलं होतं, त्यांना मोबाइलवाल्याचे ८ तास पटवून द्यायची गरजच नव्हती.

निकेल-कॅडमियम बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनरनं १८९९ साली शोधली. बाजारात आलेल्या पहिल्या हातातल्या मोबाइलच्या, म्हणजे मोटोरोलाच्या १९८३ सालच्या डायनाटॅकच्या पोटात तीच होती. १० तास चार्जिंग आणि अर्धा तास बोलणं, असा तिचा हिशेब. निकेलच्या एका सेलचा दाब जेमतेम १.२ व्होल्ट, म्हणून फोनसाठी असे बरेच सेल एकामागे एक जोडावे लागत. गोदामात पडून ते आपसूक उतरत, तेही सगळे सारखे नाहीत. अशा वेळी अगदी मंद करंटवर १४ ते १६ तास चार्ज करणं हाच उपाय होता. जे सेल आधी भरत, ते थोडं जास्तीचं चार्जिंग उष्णतेच्या रूपात सोसून घेत, तोवर मागे राहिलेले त्यांना गाठत. दोन-तीनदा भरून उतरवलं की सगळे एका पातळीवर येत आणि पडून सुस्तावलेलं रसायनही पुन्हा कामाला लागे.

दुसरी आज्ञा, म्हणजे पार उतरू द्यायची, ही थेट अंतराळातून आली. सुरुवातीच्या उपग्रहांत निकेल-कॅडमियम बॅटऱ्या असत. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरला की बॅटरी थोडी उतरे, उन्हात आला की सौरपट्ट्या ती भरत. दर फेरीला तेवढीच, मोजून मापून. असं असंख्य वेळा झाल्यावर नेहमीच्या त्या टप्प्यापुढे बॅटरीचा व्होल्टेज घसरू लागला, जणू तेवढंच काम करायचं हे तिच्या लक्षात राहिलं होतं. यालाच ‘मेमरी इफेक्ट’ म्हणू लागले. घरगुती वापरात इतकी काटेकोर पुनरावृत्ती क्वचितच होते. घरोघरच्या निकेल बॅटऱ्या बहुधा वेगळ्याच कारणानं मरत : चार्जर स्वतःहून थांबत नसत आणि बॅटऱ्या दिवसेंदिवस तापत राहत. पण दोष गेला तो मेमरीवर, आणि बॅटरी पूर्ण उतरवायची सवय पक्की झाली.

१९९१ साली सोनीनं लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. तिच्यामागच्या संशोधनाबद्दल व्हिटिंगहॅम, गुडइनफ आणि योशिनो यांना २०१९चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हाच्या फोनला तिचा एक सेल पुरे, कारण त्याचा दाबच सुमारे ३.७ व्होल्ट. पातळी जुळवायला दुसरा सेलच नाही. शिवाय निकेलसारखं जास्तीचं चार्जिंग तिला अजिबात सोसत नाही, म्हणून साधारण ४.२ व्होल्टला पोचून करंट पुरेसा घटला की सर्किट तो तोडतं. दुकानदाराच्या ८ तासांपैकी पहिल्या दोन-तीन तासांत बॅटरी भरलेली असे, उरलेला वेळ फोन नुसता वायरला बांधलेला. पार उतरवणं तर तिच्या मुळावरच येतं. व्होल्टेज फार खाली गेला की आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागतो. ती वेळ येऊ नये म्हणूनच फोन आधी बंद पडतो. टक्के दाखवणारा हिशेब चुकायला लागला तर तो जुळवण्यासाठी एखादेवेळी पूर्ण उतरवून पूर्ण भरणं ठीक, पण तो उपचार आकड्याचा, बॅटरीचा नव्हे. (मेमरी इफेक्ट लिथियमला कधीच नसतो, असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. २०१३ साली लिथियम-आयर्न फॉस्फेटच्या सेलमध्ये त्याचा बारीकसा अंश सापडला. फोनमध्ये मात्र सहसा कोबाल्टवाली जात असते.)

मग पहिल्या चार्जिंगचं काय झालं? ते आजही होतं, फक्त गिऱ्हाइकाच्या घरी नाही. कारखान्यात नव्या सेलला पहिल्यांदा करंट दिला जातो, तेव्हा आतल्या द्रवाचा थोडा भाग ग्राफाइटवर विघटित होऊन एक अतिपातळ थर बसतो. तो लिथियमला ये-जा करू देतो आणि द्रवाला आणखी नासू देत नाही. हा थर नीट बसला तरच बॅटरी वर्षानुवर्षं टिकते. म्हणून हे चार्जिंग तासन्‌तास, सावकाश करतात, मग सेल काही दिवस नुसते ठेवून देतात आणि ज्यांचा व्होल्टेज घसरतो ते बाजूला काढतात. कारखान्यातला बराच वेळ, जागा आणि पैसा या टप्प्यावर जातो. यानंतर अर्धवट भरलेल्या अवस्थेत बॅटरी बाहेर पडते, कारण पडून राहायला तीच स्थिती बरी. सुटी लिथियम बॅटरी मालवाहू विमानानं पाठवायची तर ती ३० टक्क्यांपेक्षा जास्त भरलेली नको, असा नियमही २०१६पासून आहे. खोक्यातून निघालेला फोन अर्धा रिकामा दिसतो तो बॅटरी अशी अर्धवट भरून बाहेर पडते म्हणून. तो लगेच चालू करायला हरकत नाही.

म्हणजे प्लान्तेचं महिनोन्‌महिन्यांचं काम आधी गॅरेजकडे, मग गिऱ्हाइकाकडे आणि शेवटी कारखान्याकडे गेलं. ‘सावकाश करा’ ही अट मात्र कारखान्यानंही सोडली नव्हती. २०२४ साली स्टॅनफर्डशी संलग्न स्लॅक प्रयोगशाळा आणि टोयोटाची संशोधन संस्था यांनी तिलाच हात घातला. पहिलं चार्जिंग नेहमीच्या १० तासांऐवजी मोठ्या करंटनं २० मिनिटांत उरकलं, तर बॅटरीचं आयुष्य सरासरी ५० टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. नेहमीच्या रीतीत सुमारे ९ टक्के लिथियम सुरुवातीलाच कामातून जातं, या रीतीत ३० टक्के गेलं. एवढं खर्ची पडूनही बॅटरी जास्त टिकते, हे त्या संशोधकांनाही आधी उलटंच वाटलं.