‘स्वतःच्या विनंतीवरून’

१९४१चा उन्हाळा. अमेरिकी लष्कराच्या उड्डाणशाळांमधून वैमानिक व्हायला आलेली मुलं मोठ्या संख्येने बाहेर पडत होती. का, हे शोधायला जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञाच्या चमूने अशा १,००० जणांच्या नोंदी तपासल्या. शेरे काय, तर ‘उपजत उड्डाणक्षमता नाही’, ‘स्वभाव योग्य नाही’, ‘पुरेशी प्रगती नाही’. आपल्या प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ लिहायचे ना, तसंच. मुलाचं नेमकं कुठे बिनसलं, हे त्यातून कळेना.

मग चाचण्या आल्या. लेखी परीक्षा, हातापायांचा मेळ जोखणारी यंत्रं, आणि सगळ्याचा मिळून १ ते ९ मधला एक गुण : ‘स्टॅनाइन’. ९ गुणवाल्यांपैकी प्राथमिक प्रशिक्षणात ४ टक्के गळाले, १ गुणवाल्यांपैकी ७७ टक्के. युद्धाच्या घाईत हे यश मोठंच होतं.

पण त्या तक्त्यात गळतीची कारणं तीन आहेत : उडण्यातली उणीव, भीती, किंवा स्वतःची विनंती. आणि तिन्हींचा आकडा एकच! ज्याला जमलं नाही तो आणि ज्याला जमत असूनही नको झालं तो, दोघं एकाच टोपलीत.

पुढे नौदलात याला नावच पडलं, ‘ड्रॉप ऑन रिक्वेस्ट’, म्हणजे डीओआर. १९८२च्या ‘ॲन ऑफिसर अँड अ जंटलमन’ या सिनेमात प्रशिक्षक नायकाला छळून छळून ही तीन अक्षरं त्याच्या तोंडून वदवू पाहतो. आता सांगा, ही विनंती कितपत ‘स्वतःची’?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धान्तानुसार माणसाच्या मूलभूत मानसिक गरजा तीन : स्वायत्तता, आपल्याला जमतंय ही जाणीव, आणि आपलेपणा. स्वायत्तता म्हणजे हुकूम नसणं नव्हे. हुकमामागचं कारण आपलंसं वाटणं. शिस्तीच्या शाळेतही ते शक्य असतं. पण रोज फक्त चुकाच ऐकायच्या, कारण कुणी सांगायचं नाही, आणि शेजारची खाट एके दिवशी रिकामी दिसायची. अशा वेळी चाचणीत ९ गुण मिळवणाराही अर्ज लिहायला बसू शकतो. स्टॅनाइन मुलाला मोजतो, शाळेला नाही.

फ्लॅनगनने पुढे शेऱ्यांऐवजी प्रत्यक्ष घडलेले प्रसंग गोळा करायची पद्धत बसवली आणि १९५४मध्ये ती सविस्तर मांडली. पीएच.डी. अर्ध्यावर सोडून गेलेले मित्र आपल्यापैकी अनेकांना आहेत. त्यांच्याही फाइलवर ‘वैयक्तिक कारण’ एवढंच असतं. फोन करून एकदा विचारा : त्याआधीच्या आठवड्यात नेमकं काय झालं होतं?